वयाआधी कॉलेजात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वर्तमानपत्रात अधूनमधून एक बातमी येते. नऊ वर्षांच्या मुलाने दहावी काढली, किंवा तेराव्या वर्षी कुणी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. सोबत फोटो असतो. आई पेढा भरवते आहे, वडील शेजारी उभे आहेत, आणि मुलाचं लक्ष कॅमेऱ्याकडे नसून पेढ्याकडे आहे. आपण बातमी वाचतो, घरातल्या पोराला 'बघ, जरा शीक काहीतरी' म्हणून ऐकवतो आणि पान उलटतो. बातमीचा पुढचा भाग सहसा छापून येत नाही. पहिल्या सोमवारी तो मुलगा वर्गात कुठल्या बाकावर बसला, मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खाल्ला, न समजलेलं कुणाला विचारलं, हे आपल्याला कधी कळत नाही.

आज बोलायचं आहे ते या न छापलेल्या भागाबद्दल. मी कवी माणूस, शिक्षणशास्त्राचा पंडित नव्हे. पण कविसंमेलनात एक गोष्ट वर्षानुवर्षं बघत आलो आहे. लहान वयाच्या कवीला टाळ्या जरा जास्त पडतात. त्या कवितेला होत्या की वयाला, हे त्या पोराला कळायला बरीच वर्षं जातात, आणि तोवर त्याला ते नीट सांगणारं कुणी भेटलं तर बरं, नाहीतर कठीण. लवकर कॉलेजात जाणाऱ्या मुलांचं याहून फार वेगळं नाही. त्यांची हुशारी सगळ्यांना दिसलेली असते. त्यांच्या सोबतीची व्यवस्था कुणी केली आहे का, हा खरा प्रश्न.

साल १९०९. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात त्या सुमारास वयाने फारच लहान अशी पाच मुलं होती. त्यातलं एक विल्यम जेम्स सायडिस, वय अकरा. दुसरं नॉर्बर्ट वीनर, वय चौदा. हा तर टफ्ट्स नावाच्या कॉलेजातून बी.ए. होऊन पुढच्या शिक्षणासाठी आलेला. १९१०च्या जानेवारीत छोट्या सायडिसने विद्यापीठाच्या गणित मंडळापुढे चार मितींच्या आकृत्यांवर व्याख्यान दिलं. मोठमोठे प्राध्यापक ऐकायला बसले होते, वीनरही होता. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रं सायडिसच्या मागे लागली ती कायमचीच. वडील मानसशास्त्रज्ञ; आपल्या शिक्षणपद्धतीचा पुरावा म्हणून त्यांना मुलाकडे बोट दाखवायची हौस होती. सोळाव्या वर्षी सायडिस पदवीधर झाला. ह्यूस्टनच्या राइस इन्स्टिट्यूटमध्ये गणित शिकवायला गेला, तेव्हा वर्गातले विद्यार्थी त्याच्याहून वयाने मोठे. वर्षभरसुद्धा तिथे टिकला नाही. पुढे कारकुनीच्या नोकऱ्या करत, आपलं नाव कुणाला कळू नये असं बघत राहिला. १९३७ मध्ये एका प्रसिद्ध साप्ताहिकाने त्याला शोधून काढून त्याच्यावर लेख छापला. त्याने कोर्टात दाद मागितली, १९४० मध्ये खटला हरला आणि १९४४ मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी गेला.

वीनर पुढे जगप्रसिद्ध गणिती झाला. सायबरनेटिक्स हा शब्द आज ज्या अर्थाने वापरतात तो त्याने रूढ केला. मग एकाचं सोनं झालं आणि दुसऱ्याची माती, आणि त्याला कारण अमुकच, असा हिशेब मांडायचा मोह होतो. तो मी मांडणार नाही; माणसाचं आयुष्य इतकं सरळ चालत नाही. पण एक फरक नोंदवण्यासारखा आहे. वीनरचे वडीलही कडकच होते, मुलाला घरी शिकवताना रडवायचे. तरी त्याला अकराव्या वर्षी हार्वर्डला न घालता त्यांनी मुद्दाम टफ्ट्समध्ये घातलं. तिथे गाजावाजा कमी होईल हा विचार त्यात होता. घर कॉलेजच्या जवळ. सकाळी पोरगा कॉलेजचा विद्यार्थी, संध्याकाळी गल्लीतल्या पोरांबरोबर पोर. वीनरने १९५३ मध्ये आपल्या बालपणावर एक पुस्तक लिहिलं, त्यात अभ्यासातलं मोठेपण आणि खेळातलं लहानपण या दोन्हींचा त्याने मोठ्या प्रामाणिकपणे उलगडा केला आहे.

आणि तोही ठेचकाळलाच. हार्वर्डला आल्यावर त्याने कोणता विषय घ्यावा? प्राणिशास्त्र. डोळे अतिशय अधू, हात बेताचेच चालणारे, आणि विषय असा की दिवसभर चिरफाड करायची नि सूक्ष्मदर्शकात बघायचं. एका वर्षात सोडावं लागलं. चौदा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून, 'बाळ, प्रयोगशाळेत तुझा हात कसा चालतो ते आधी आठवडाभर बघू या का?' असं विचारणारा माणूस ज्याला म्हणतात, त्याला अमेरिकेत आता ॲडव्हायझर म्हणतात.

या शब्दाला मराठीत चपखल प्रतिशब्द नाही, कारण हे काम आपल्याकडे वेगळं काढून कुणाला दिलेलंच नाही. मार्गदर्शक म्हटलं की पीएच.डी.चा गाइड आठवतो, समुपदेशक म्हटलं की काहीतरी बिघडलं आहे असं वाटतं. अमेरिकेतल्या कॉलेजात सगळ्यांना एकच ठरीव अभ्यासक्रम नसतो. विद्यार्थ्याने दर सत्राला विषय निवडायचे आणि क्रेडिट जमवत जायचे. कुठला विषय आधी, कुठला नंतर, किती ओझं झेपेल, जमत नसेल तर कुठल्या तारखेपर्यंत विषय सोडता येतो, या सगळ्याची वाट दाखवणारा तो ॲडव्हायझर. अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला सत्रातून एकदोनदा भेटला तरी पुरतो. चौदा वर्षांच्या मुलाला तेवढ्याने भागत नाही, हे नीट ओळखलं ते सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हॅल्बर्ट रॉबिन्सन या मानसशास्त्रज्ञाने.

रॉबिन्सन यांनी १९७७ मध्ये तिथे लवकर प्रवेशाचा उपक्रम सुरू केला. पंधरा वर्षांखालची, हायस्कूलची चार वर्षं गाळून थेट विद्यापीठात येणारी मुलं. सुरुवातीच्या तुकड्यांतल्या काही मुलांचं झकास चाललं, काही गडबडली. गडबडलेली मुलं काही कमी हुशार नव्हती. मग १९८०च्या सुमारास त्यांनी मध्ये एक पायरी बांधली. एक वर्षाची छोटीशी शाळा, विद्यापीठाच्या आवारातच, मुलं जेमतेम पंधरा-सोळा. रॉबिन्सन १९८१ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी नॅन्सी रॉबिन्सन, त्याही मानसशास्त्रज्ञ, यांनी पुढची जवळजवळ वीस वर्षं हे काम चालवलं आणि त्याचा अभ्यासही केला.

या मधल्या वर्षात काय शिकवत? इंग्रजी, इतिहास, गणित, विज्ञान तर होतंच. पण खरं शिक्षण दुसरंच. ही मुलं तोवर कधी अभ्यासच न केलेली असतात, हे लक्षात घ्या. शाळेत गुरुजींनी फळ्यावर लिहायच्या आत यांना उत्तर आलेलं. टिपणं काढायची गरज पडलेली नाही. निबंध एकदा लिहिला की झाला. तो परत लिहायचा असतो हे कुणी सांगितलेलं नाही. आणि विद्यापीठात सत्र असतं दहा आठवड्यांचं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली परीक्षा येऊन ठेपते. आठवड्याला वर्गात पंधरा तास बसायचं, म्हणजे शाळेपेक्षा निम्मंच. पोरांना वाटतं सुट्टीच आहे. पण दर तासामागे घरी दोन तास धरलेले असतात, ते कुठल्याच वेळापत्रकावर लिहिलेले नसतात.

मग पहिल्यांदा कमी मार्क पडतात. ज्याला आयुष्यात कधी नव्वदच्या खाली पडले नाहीत त्याला साठ पडले, तर मार्क लहान आणि धक्का मोठा. मोठा विद्यार्थी मित्राकडे रडगाणं गातो, चहा पितो, पुढे चालू लागतो. हे मूल गप्प बसतं. घरी सांगावं तर एवढ्या कौतुकाने पाठवलेलं. प्राध्यापकाला विचारावं तर हुशार मुलाला विचारायची सवयच नाही; विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं. या ठिकाणी ॲडव्हायझरचं सगळ्यात मोठं काम आहे. तो मार्क वाढवून देत नाही. प्राध्यापकाच्या खोलीचं दार कसं वाजवायचं, आत जाऊन पहिलं वाक्य काय बोलायचं, इतक्या बारीक गोष्टी शिकवतो. वाचताना क्षुल्लक वाटेल. पण शंभर टक्के मिळवणाऱ्या किती मुलांना 'सर, मला हे समजलं नाही' हे वाक्य बोलता येतं, ते आपल्या घरात तपासून बघा.

रॉबिन्सन दांपत्याच्या केंद्रात आणखी एक साधी सोय होती. या मुलांची अशी एक बसायची जागा. हजारो विद्यार्थ्यांच्या त्या आवारात, दोन तासांच्या मधल्या वेळात, जिथे आपल्या वयाचं कुणीतरी हमखास भेटेल. आदल्या वर्षीची मुलं तिथे बसलेली असायची, नव्यांना अमुक प्राध्यापकाचा स्वभाव सांगायची. पुढे या मुलांचा अभ्यास झाला. नेहमीच्या वयाचे विद्यार्थी, आणि तितकीच हुशार पण हायस्कूलमध्येच थांबलेली मुलं, यांच्याशी त्यांची तुलना केली गेली. अभ्यासात ही बहुतेक मुलं उत्तम टिकली, मनानेही इतरांपेक्षा जास्त बिघडलेली नव्हती. काही मागे पडली, आणि त्यांचाही केंद्राने वेगळा अभ्यास केला. पहिली एकदोन वर्षं ती आपापसातच राहत, पुढे इतरांत मिसळत. म्हणजे ती खोली आधी घर होती, नंतर उंबरठा.

आई-बापांचं काय? इथे एक गंमत आहे. गंमत आपल्याला वाटेल, त्यांना नाही वाटायची. विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवण्याचा एक कायदा अमेरिकेत १९७४ मध्ये झाला. शाळेत असेपर्यंत मुलाचे मार्क बघायचा हक्क आई-वडिलांचा. मूल अठरा वर्षांचं झालं, किंवा कुठल्याही वयात कॉलेजात गेलं, की तो हक्क मुलाचा. 'कुठल्याही वयात' हे शब्द बघा. तेरा वर्षांच्या मुलीला गाडी चालवता येत नाही, मतदान करता येत नाही, पण तिचे कॉलेजातले मार्क बापाने मागितले तर कॉलेज म्हणू शकतं, आधी तिची लेखी संमती आणा. मूल आई-वडिलांवर अवलंबून असल्याची कर खात्याकडे नोंद असेल तर कॉलेज माहिती देऊ शकतं, पण दिलीच पाहिजे असं नाही. कालपर्यंत वहीवर सही करणारा बाप आज दाराबाहेर! अशा वेळी मधला माणूस लागतो. तो मुलीला सांगतो, घरी कळव, मी बरोबर आहे. आणि बापाला सांगतो, जरा धीर धरा, ती स्वतः सांगेल. हे जमवायला कायद्याच्या ज्ञानापेक्षा स्वभावाचं गोडपण जास्त लागतं.

परतीच्या वाटेचा विचारही आधी करावा लागतो. हायस्कूल गाळून आलेल्या मुलाच्या हातात हायस्कूलचं प्रमाणपत्र नसतं. कॉलेज जमलं नाही तर तो मधल्यामध्ये. 'परत गेलास तरी चालेल' हे पहिल्या महिन्यात सांगितलं तर तो सल्ला असतो, शेवटच्या महिन्यात सांगितलं तर ती शिक्षा होते.

लवकर प्रवेश म्हणजे फक्त विलक्षण बुद्धीच्या मुलांचा मामला, असं मात्र समजू नका. अटलांटा शहरातलं मोरहाउस हे कृष्णवर्णीय तरुणांचं कॉलेज. दुसऱ्या महायुद्धात विद्यार्थी लष्करात गेले, वर्ग ओस पडले. तेव्हा हायस्कूल पूर्ण व्हायच्या आधीच, परीक्षा घेऊन, होतकरू मुलांना घ्यायचं कॉलेजने ठरवलं. १९४४ मध्ये असा एक पंधरा वर्षांचा मुलगा आला. मार्टिन ल्यूथर किंग. त्याचे तिथले मार्क सामान्यच होते. वकील व्हावं की डॉक्टर, हेही नक्की नव्हतं. समाजशास्त्र हा त्याचा विषय, आणि वॉल्टर चायव्हर्स नावाचे त्या विषयाचे प्राध्यापक त्याचे ॲडव्हायझर. धर्म शिकवणारे जॉर्ज केल्सी दुसरे. आणि कॉलेजचे अध्यक्ष बेंजामिन मेज मंगळवारी सकाळी प्रार्थनेनंतर बोलत, तेव्हा हा पोरगा नंतर त्यांच्यामागे वाद घालत त्यांच्या खोलीपर्यंत जायचा. अध्यक्षांनी त्याला वाद घालू दिला, एवढंच त्यांनी केलं म्हणा. १९४८ मध्ये एकोणिसाव्या वर्षी किंग पदवीधर झाले आणि धर्मोपदेशकाच्या शिक्षणाला गेले. वीस वर्षांनी, १९६८च्या एप्रिलमध्ये, त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी मोरहाउसच्या आवारात श्रद्धांजलीचं भाषण केलं ते याच वृद्ध मेज यांनी.

पुढे १९५१ पासून फोर्ड फाउंडेशनच्या पैशांवर बारा कॉलेजांनी असा प्रयोग केला, त्यात येल, कोलंबिया, शिकागो होती, तसं मोरहाउसही होतं. १९६४ मध्ये एलिझाबेथ ब्लॉजेट हॉल या बाईंनी तर मॅसॅच्युसेट्समध्ये सायमन्स रॉक हे अख्खं कॉलेजच कमी वयाच्या मुलांसाठी काढलं. सगळेच लहान, त्यामुळे कुणीच लहान नाही! १९७९ मध्ये ते बार्ड कॉलेजचा भाग झालं आणि २०२५ मध्ये जुनं आवार सोडून न्यूयॉर्क राज्यात गेलं. व्हर्जिनियातल्या मेरी बाल्डविनने १९८५ मध्ये मुलींसाठी हीच वाट उघडली, त्यांना राहायला वेगळं वसतिगृह दिलं. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. पण मुलाला नुसतं प्रवेशपत्र देऊन सोडायचं नाही, एवढं सगळ्यांना पटलेलं दिसतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. आपल्याकडे तेराव्या वर्षी कॉलेजात जाणारी मुलं असून असून किती? बरोबर आहे. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी जाणारी लाखो आहेत. महाराष्ट्रात दहावी झाली की मूल 'कॉलेजात' जातं. सरकारी कागदावर अकरावी-बारावी म्हणजे उच्च माध्यमिक शाळा, पण आपल्या राज्यात ती वर्षं बऱ्याच ठिकाणी कॉलेजच्या इमारतीत काढायची असतात. दहा वर्षांची शाळा, ओळखीचे शिक्षक, नावाने हाक मारणारा शिपाई, हे सगळं एका जून महिन्यात मागे राहतं. केंद्रीय बोर्डाच्या शाळांतलं मूल बहुधा त्याच इमारतीत एक मजला वर चढतं. आपलं मूल गाव बदलतं. मराठी किंवा उर्दू माध्यमातून विज्ञान शाखेत आलेल्या मुलीची तर भाषाही त्याच दिवशी बदलते. काल 'प्रकाशसंश्लेषण' म्हणणारी आज 'फोटोसिंथेसिस' ऐकते, आणि हे दोन्ही एकच हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. यादीत कॉलेजचं नाव लागतं. माणसाचं नाव कुठल्याच यादीत नसतं.

असा माणूस आपल्याकडे कधी नव्हताच, असंही नाही. बाबासाहेब आंबेडकर शाळकरी वयात चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे. तिथे त्यांना कृष्णाजी अर्जुन केळुसकर भेटले. केळुसकर विल्सन हायस्कूलचे, आंबेडकर एल्फिन्स्टनचे. म्हणजे हा मुलगा त्यांच्या शाळेचाही नव्हता. तरी काय वाचतोस म्हणून त्यांनी चौकशी केली, पुस्तकं दिली, १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर आपलं बुद्धचरित्र भेट दिलं, आणि पुढे कॉलेजचं शिक्षण अडतंय असं दिसताच सयाजीराव गायकवाडांकडून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून द्यायला धडपडले. एका मुलाला बागेत असे केळुसकर भेटले, याचा अभिमान आपल्याला जरूर असावा. पण बागेत भेटण्यावर किती मुलांनी विसंबावं?

सिएटलसारखं केंद्र प्रत्येक कॉलेजात निघणार नाही, आणि त्याची गरजही नाही. अकरावीच्या एका तुकडीत ऐंशी मुलं धरली तर वीस-वीस मुलांमागे एक शिक्षक नेमता येतो. काही कॉलेजांत असे शिक्षक कागदोपत्री नेमलेले असतातही. त्यांना विचारा, भेटता कधी? उत्तर येतं, मुलं आली तर भेटतो. ज्याला येत नाही तो स्वतःहून येत नाही, हे वर आपण पाहिलंच. म्हणून भेट ठरलेली हवी, आणि ती पहिल्या चाचणीच्या आधी, तिसऱ्या आठवड्यात. मार्कांची चौकशी त्या भेटीत करू नये. मार्क अजून पडलेले नसतात, तेच त्या भेटीचं मोल. कोणत्या तासाला काहीच कळत नाही, शिकवणी कुठे लावली, घरी पोचायला किती वाजतात, वर्गात नाव माहीत असलेलं कुणी आहे का, इतकं विचारलं तरी पुष्कळ.

यावर प्राचार्य म्हणतात, आमच्या शिक्षकांना वेळ कुठे आहे? रास्त आहे. विनाअनुदानित तुकडीवर तासिकेप्रमाणे पैसे घेणाऱ्या शिक्षकाला हे काम फुकटात करायला सांगणं चुकीचंच. मग तो तास मोजा, त्याचे पैसे द्या, आणि आवारातल्या फलकावर भौतिकशास्त्र नि गणिताचे तास लागतात तिथेच, शिक्षकाचं नाव आणि खोली नंबर घालून, तोही लावा.